पोशाख कुणी शिवला?



आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते नाचाच्या आणि नाटकाच्या पोशाखांबद्दल. विषय निवडायला कारण आहे. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात गटातल्या बाया द्राक्षबागेत जातात, बेदाणा निवडायला जातात, आणि घरी आल्यावर शिलाई मशीनवर बसतात. ब्लाऊज, परकर, शाळेचा गणवेश हे काम जुनंच आहे. गेल्या काही वर्षांत त्याला स्नेहसंमेलनाच्या पोशाखांची जोड मिळाली. लावणीची शिवलेली नऊवारी, कोळीनृत्याचं लुगडं, मावळ्यांचे अंगरखे, कृष्ण-राधेचे कपडे, अशी कामं आता गावात बसून होतात. तुमच्यापैकी अनेक गटांतही ती होत असतील.

हे काम आपल्याला नवं वाटतं. पण सांगली, सातारा, कोल्हापूर या आपल्या भागात खेळाचे पोशाख करणारे हात पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ राबत आहेत. त्या इतिहासात नाचणारीचं नाव सापडतं, गाणाऱ्याचं सापडतं, कंपनीच्या मालकाचं सापडतं. पोशाख शिवणाऱ्याचं नाव मात्र फार क्वचित सापडतं. आणि पोशाखाचा पैसा कुठून आला, कुठे गेला, हे ज्यांनी नीट पाहिलं नाही ते नावाजलेले असूनही बुडाले. या दोन गोष्टी आज आपण जरा सावकाश बघू.

सुरुवात सांगलीपासून करू. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. तो खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना आवडला. असाच खेळ मराठीत करावा, असं त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना सांगितलं. भावे हाताने कलाकार होते, लाकडाच्या बाहुल्या ते स्वतः घडवत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हा खेळ झाला. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात.

त्या खेळांत पडदे, देखावे फार नसत. प्रेक्षकाला काय दिसे? पोशाख दिसे. आधी गणपती येई, मग सरस्वती येई. सरस्वती म्हणजे पुरुष नटच, आणि त्याच्या कमरेला मोर बांधलेला असे. तो मोर घेऊनच ती नाचत येई. मग देव येत, राक्षस येत. राक्षस केस मोकळे सोडून, आरोळ्या ठोकत, ‘अलल डुर्र’ करत येत, म्हणून या नाटकांना पुढे लोक ‘अललडुर्र’ नाटकंच म्हणू लागले. आता विचार करा, कमरेला मोर बांधून माणसाला नाचता आलं पाहिजे. मोर हलला पाहिजे पण निसटता कामा नये. वजन एका बाजूला पडता कामा नये. हे काम कुणीतरी डोकं लावून केलं असणार. कुणी केलं, ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

पहिला खेळ राजाच्या आश्रयाने झाला. खर्च दरबाराचा होता. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि तो आधार गेला. मग भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे दहा वर्षांच्या आत पोशाखाचा पैसा देणारा बदलला. आधी राजा देत होता, आता तिकीट काढणारा माणूस देऊ लागला. राजाला आवडलं की काम संपत होतं. तिकीट काढणाऱ्याला मात्र पुन्हा पुन्हा काहीतरी बघण्यासारखं द्यावं लागतं, आणि तेच पोशाख दहा गावांच्या धुळीतून टिकवावेही लागतात. धंदा म्हणून या कामाकडे बघायची वेळ तिथून आली.

नाटकाच्याही आधीपासून आपल्याकडे तमाशा होता. पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या गाजल्या. तमाशात बाईचं काम बऱ्याच काळापर्यंत मुलगाच करायचा, त्याला ‘नाच्या’ म्हणत. गवळणीतली मावशी तर आजही पुरुषच करतो. पुढे बायका बोर्डावर आल्या. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, आणि हिवरगावची पवळा यांच्या जोडीने तमाशा मुंबईपर्यंत गाजवला. बापूराव ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरचे, पवळा दलित समाजातली. त्या काळी या जोडीवर समाजाने किती राग धरला असेल, याची कल्पना तुम्हाला आहेच. पण तिचा नाच बघायला लोक लोटत होते.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू आपल्या ओळखीचेच. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. चेहरा सारखा, अंगावरचा वेशही सारखा, आणि कोण कुठला हे न कळल्यामुळे होणारा गोंधळ हाच त्यांचा विनोद. हवालदारांच्या सोंगात ते उभे राहिले की नुसतं बघूनच हसू फुटायचं. पोशाख हा खेळाचा अर्धा भाग असतो, तो असा. दोघांच्या टोप्या, पट्टे, चड्ड्या जराही वेगळ्या झाल्या असत्या तर गंमत गेली असती. दोन कपडे अगदी एकसारखे शिवणं किती अवघड असतं, ते मशीनवर बसणाऱ्या बाईला विचारा.

आता लावणीच्या पोशाखाचं तंत्र बघू. नऊवारी म्हणजे नऊ वार, मीटरमध्ये सव्वाआठच्या आसपास कापड. काष्टा घातला की दोन्ही पाय मोकळे होतात, म्हणून आपल्या आज्या-पणज्या याच लुगड्यात खुरपायला बसायच्या आणि घोड्यावरही बसायच्या. नाचणाऱ्या बाईलाही तेच हवं असतं. तिला खाली बसता आलं पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे, पाय आपटून घुंगरू वाजवता आलं पाहिजे. नेसलेलं लुगडं सुटलं तर खेळ थांबतो आणि बाईची अब्रू जाते. म्हणून फडातल्या बाया कमरेला घट्ट बांधून, टाचण्या लावून, वर कमरपट्टा आवळून उभ्या राहायच्या.

शिवलेली नऊवारी आली तेव्हा ही अडचण कमी झाली. पण तिच्यात नवीन काळजी आली. मांड्यांमधल्या भागात कापड सैल ठेवलं नाही तर खाली बसताना शिवण उसवते. काखेत चौकोनी तुकडा जोडला नाही तर हात वर करताना चोळी ओढली जाते. निऱ्या आतून पट्टीवर टाचल्या नाहीत तर गिरकीत पसरतात. आणि आत माया भरपूर ठेवावी लागते. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया असली की तोच पोशाख यंदा बारीक मुलीला आणि पुढच्या वर्षी भरलेल्या अंगाच्या मुलीला बसतो. साध्या ब्लाऊजला आपण इतकी माया ठेवत नाही. पोशाखाच्या धंद्यात मात्र त्या मायेवरच पुढची कमाई असते.

काठाचं आणि कापडाचं बघा. इरकल, खण ही कापडं आपल्याला कर्नाटकाच्या अंगाने मिळाली. इरकल साडी इलकलची, खण गुळेदगुड्डचा. जवळ इचलकरंजी आहे, तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे ते गाव कापडाचं गावच झालं. म्हणजे कच्चा माल आपल्या आजूबाजूला आहे. मुंबईच्या दुकानातून तयार पोशाख आणायची गरज पडते ती आपल्याला हे माहीत नसल्यामुळे.

आता एक मोठं नाव घेऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे त्यांचं गाव. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, मिरजेत शकुंतला होऊन रंगमंचावर उभे राहिले. १९१३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. ते स्त्रीच्या भूमिका करत, आणि त्यांचं गाणं जितकं गाजलं तितकंच त्यांचं नेसणंही गाजलं. पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांचा शालू कसा नेसला आहे, पदर कसा घेतला आहे, अंबाड्यावर गजरा कसा माळला आहे हे बघायला जात आणि घरी येऊन तसंच नेसत. एका पुरुषाने बाईसारखं नेसावं आणि बायकांनी त्याचं बघून नेसावं, अशी ती गोष्ट होती.

पण या वैभवाची दुसरी बाजू आहे. बालगंधर्वांना रंगमंचावर खोटं चालत नसे. शालू खरा, पैठणी खरी, अत्तर उंची. प्रेक्षकांना मायबाप मानून ते खर्च करत गेले. हिशोबाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. खेळांना गर्दी असतानाही कंपनी कर्जाच्या डोंगराखाली गेली आणि ते कर्ज फेडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे बोलपट आले, नाटकाची गर्दी ओसरली. १९३५ साली त्यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात काम केलं.

आम्ही ही गोष्ट गटात सांगतो तेव्हा बायका हळहळतात. हळहळ वाटतेच. पण त्यातली व्यवहाराची गोष्ट सोडून देता येत नाही. तिकिटाला गर्दी होती, नाव होतं, कला होती, तरी एका पोशाखाला किती पैसे गेले आणि तो पोशाख किती खेळ चालला, हे कुणी मांडलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाचं जिथे भागलं नाही, तिथे आपलं बिनहिशोबी कसं भागेल?

नाटकामागून सिनेमा आला आणि तोही आपल्या शेजारी, कोल्हापुरात. बाबुराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, १९३३ साली ती पुण्याला गेली. राजे, ऋषी, दासी, सैनिक, या सगळ्यांचे कपडे, मुकुट, दागिने लागत. कोल्हापुरात हे करणारे कारागीर तयार झाले. ते इतके नावाजले की १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ आला, त्यासाठी मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी केले. त्याच चित्रपटाला शिंपी दिल्लीहून आणले होते, दागिने हैदराबादच्या सोनारांनी घडवले, चपला-जोडे आग्र्याहून मागवले. चित्रपट आजही लोक बघतात. पण ते मुकुट घडवणाऱ्यांची नावं तुमच्या-आमच्या तोंडी नाहीत. ‘कोल्हापूरचे कारागीर’ एवढंच उरलं.

याच कोल्हापूरच्या एका मुलीने हे चित्र बदललं. भानुमती राजोपाध्ये तिचं नाव. २८ एप्रिल १९२९ रोजी तिचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, बाबुराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. वडील ती लहान असतानाच गेले. पुढे भानू मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकली, सुवर्णपदक मिळवलं. बायकांच्या मासिकांत ती कपड्यांची चित्रं काढू लागली. त्या मासिकाच्या संपादिकेने कपड्यांचं दुकान काढलं, तेव्हा तिने भानूला विचारलं, तू चित्रं काढतेस ते कपडे करूनही बघशील का? तिथून तिचं काम सुरू झालं. १९५६ साली ‘सी.आय.डी.’ या चित्रपटापासून ती गुरुदत्त यांच्याबरोबर काम करू लागली. पुढे जग त्यांना भानू अथैया म्हणून ओळखू लागलं.

१९६६ साली ‘आम्रपाली’ हा चित्रपट आला. वैशाली नगरीच्या नर्तकीची ती गोष्ट, आणि भूमिका वैजयंतीमाला यांची. त्या स्वतः नाचात मुरलेल्या. भानूताईंनी अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं अभ्यासली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईने वस्त्र कसं गुंडाळलं असेल, आणि आजच्या नर्तकीला त्यात कॅमेऱ्यासमोर नाचता कसं येईल, या दोन्हीचा मेळ त्यांनी घातला. जुन्या चित्रात वस्त्र नुसतं गुंडाळलेलं दिसतं. नाचताना ते सुटू नये म्हणून ते आतून शिवावं लागतं, आणि वरून मात्र शिवलेलं दिसता कामा नये. आपली शिवलेली नऊवारीही हेच करते.

१९८२ साली ‘गांधी’ चित्रपट आला. त्यात १८९३ पासून १९४८ पर्यंतचा काळ आहे. वकिलाच्या कोट-टायपासून पंचापर्यंत गांधीजींचा वेश बदलत जातो, आणि आजूबाजूला हजारो माणसं आहेत, प्रत्येकाचा प्रांत वेगळा, पगडी वेगळी. या कामासाठी १९८३ साली भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्यासह, ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या गेल्या.

आम्हाला त्यांच्या दोन गोष्टी पुरस्काराइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. २०१० साली त्यांनी आपल्या कामावर पुस्तक लिहिलं, कोणता पोशाख कसा केला ते नोंदवून ठेवलं. आणि २०१२ साली त्यांनी आपलं ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून ते देणाऱ्या संस्थेकडेच परत पाठवलं. आपल्यामागे या वस्तूचं काय होईल, हा विचार त्यांनी जिवंतपणीच केला. मुकुट करणाऱ्या कारागिरांची नावं गेली, भानूताईंचं राहिलं. त्याचं एक कारण त्यांचं मोठं काम, हे खरंच. पण दुसरं कारण हेही की पडद्यावर नाव लागलं आणि वहीत नोंद राहिली.

याचंच दुसरं उदाहरण आपल्या मिरजेत आहे. तिथे साधारण १८५० च्या सुमारास शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांच्या सतारी, तंबोरे होऊ लागले. मोठमोठे गवई ते वापरू लागले. या घराण्यांचं आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झालं. वाद्यावर करणाऱ्याचं नाव राहिलं, गल्लीला ओळख राहिली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गाणाऱ्याच्या मागे बसलेला तंबोरा कुणाचा, हे लोक विचारतात. नाचणारीच्या अंगावरचं लुगडं कुणी शिवलं, हे मात्र विचारत नाहीत. दोन्ही कामं हाताचीच आहेत आणि दोन्ही याच भागातली आहेत.

पोशाख करणाऱ्याचं नाव मागे का राहिलं, याचं आणखी एक कारण आपण आपसात मोकळेपणी बोललं पाहिजे. तमाशाकडे बघण्याची नजर. मध्यंतरी आमच्या गटाकडे एका फडाचं काम आलं. बारा नऊवाऱ्या, चोळ्या आणि सोंगाड्याचे कपडे. काम मोठं होतं, पैसे रोख होते. तरी बैठकीत चार मैत्रिणी गप्प बसल्या. एकीच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, “शाळेच्या पोरींचं शिव, पण फडाचं कापड माझ्या घरात नको.” दुसरीच्या मालकांचंही तेच म्हणणं होतं. गंमत अशी की शाळेतल्या पोरी ज्या लावणीवर नाचतात ती फडातूनच आलेली. तिथे टाळ्या वाजवायच्या आणि इथे कापड बाटतं म्हणायचं.

आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही. त्या बैठकीत आम्ही पवळाची गोष्ट सांगितली, वाईच्या यमुनाबाई वाईकरांची सांगितली. लावणीच्या त्या अदाकारीसाठी यमुनाबाईंना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. १०२ वर्षं जगून त्या २०१८ साली गेल्या. एक बाई तेवढ्यावर म्हणाली, “सरकार त्यांना मान देतं, आणि आपण त्यांचं लुगडं शिवायला लाजायचं का?” शेवटी आठ जणींनी ते काम घेतलं. ज्यांच्या घरी अडचण होती त्यांनी गटाच्या खोलीत बसून शिवलं. फडाने माल नेताना सगळे पैसे दिले. त्याच वर्षी एका संस्थेकडून संमेलनाच्या पोशाखांचे पैसे यायला सहा महिने लागले. कोण इभ्रतीचं आणि कोण बिनइभ्रतीचं, हे ठरवताना आता आमच्या बायका थोडं थांबतात.

फडाच्या पैशाचीही एक जुनी रीत आहे, ती ‘उचल’. हंगामाच्या आधी मालक सावकाराकडून रक्कम उचलतो, कलावंत मालकाकडून उचलतात, आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा झाल्या की फेडतात. जत्रा बुडाली तर उचल अंगावर राहते. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत जत्रा झाल्या नाहीत, तेव्हा काय झालं ते सर्वांनी पाहिलं. पोशाख शिवणाऱ्यालाही या साखळीत सगळ्यात शेवटी पैसे मिळतात.

आपल्याला या साखळीबाहेर राहायचा रस्ता बचत गटाने दिला. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला. आपल्या शेजारी माण तालुक्यात म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवानगी नाकारली गेली होती. त्या बायकांनी जाऊन सांगितलं, आम्हाला लिहिता येत नाही पण व्याज तोंडी काढता येतं, विचारून बघा. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. आपल्या बायकांना हिशोब येत नाही, असं म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगायची.

तर मग आपणही तोंडी हिशोब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या. समजा, लावणीच्या एका पोशाखाला कापड आणि काठ ९०० रुपये. अस्तर, हुक, इलॅस्टिक, दोरा १५० रुपये. दीड दिवसाची शिलाई, दिवसाला ४०० धरून ६०० रुपये. वीज, खोलीभाडं, मशीनची झीज ५० रुपये. एकूण १७०० झाले. आपल्यातल्या कितीतरी जणी शिलाईचे ६०० धरतच नाहीत, ‘घरीच तर बसले होते’ म्हणतात. मग पोशाख १२०० ला देऊन टाकतात आणि शंभर रुपये सुटले असं समजतात. खरं तर त्यांनी आपली मजुरी गिऱ्हाइकाला फुकट दिलेली असते.

आता तोच पोशाख विकायचा की भाड्याने द्यायचा? २००० ला विकला तर ३०० सुटतात, विषय संपला. एका वेळेला २५० रुपये भाडं घेतलं आणि धुण्या-इस्त्रीचे ३० वजा केले, तर २२० हातात राहतात. सात वेळा दिला तर १५४० होतात, आठव्या वेळी खर्च निघतो आणि नवव्यापासून कमाई सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत संमेलनं, २६ जानेवारी, फेब्रुवारीत शिवजयंती, चैत्रात जत्रा, मग गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र, असा वर्षाचा फेरा बघितला तर दोन वर्षांत एक चांगला पोशाख पंधरा-वीस वेळा बाहेर जाऊ शकतो. पण त्यासाठी आत माया हवी, शिवण दुहेरी हवी, आणि अनामत रक्कम आधी घ्यायला हवी. एकाच मापाचं, एकदाच लागणारं सोंग असेल तर ते भाड्याने ठेवू नये, पूर्ण किंमत घेऊन विकावं.

शेवटी एक विनंती. तुमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये पोशाखांसाठी दोन-चार पानं वेगळी ठेवा. कोणता पोशाख, कोणी बेतला, कोणी शिवला, किती खर्च आला, कुठे कुठे गेला, हे लिहा. प्रत्येक पोशाखाच्या आत, कमरेच्या पट्टीवर, गटाच्या आणि शिवणारीच्या नावाची छोटी चिंधी शिवा. नाचणाऱ्या पोरीला ती दिसेल, तिच्या आईला दिसेल, पुढच्या कामाला ती आपल्याकडेच येईल.

आणि तुमच्या गावात एखादी म्हातारी आजी असेल, एखादे शिंपीकाका असतील, ज्यांनी कधी काळी फडासाठी, नाटकासाठी, गजीनृत्याच्या मंडळासाठी कपडे शिवले असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय शिवलं, किती पैसे मिळाले, कोणती युक्ती वापरली ते विचारून त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. सरस्वतीच्या कमरेला मोर बांधणाऱ्याचं नाव आपल्याला आता मिळणार नाही. या म्हाताऱ्या माणसांचं मात्र अजून मिळू शकतं.

तुमच्याकडच्या अशा नोंदी पुढच्या बैठकीला घेऊन या. आम्हीही आमच्या घेऊन येतो.

नमस्कार.